करड्या बाजूचे गार्डसाहेब

सुजाताने यादी मागितली आहे. तिच्या वडिलांच्या खोलीतल्या सैनिकांची. "दादा, त्या ट्रंकेतलं काय किती आहे हे आता फक्त तुम्हालाच माहीत," असं ती फोनवर म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर आहे. निळे शिपाई दोनशे बारा, करडे एकशे अठ्ठ्याऐंशी, तोफा सहा, गाड्या अकरा, खेचरं चौदा. एवढं लिहायला मला अर्धा तास लागला. मग बारा आकृत्या राहिल्या आणि तिथे माझा हात थांबला. यादी बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

सोनवणे गार्डसाहेब, मालगाडीवरचे निवृत्त गार्ड, माझे दौंडचे शेजारी. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो. घर शिरूरला, बायकोची शाळेतली नोकरी तिथली, मुलांच्या शाळाही तिथल्याच. म्हणून मी दौंडला रेल्वेलाइनच्या कडेला एक खोली घेतली होती. पहिल्या पाळीला जायचं, साडेतीनपर्यंत परत यायचं आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी न्हावरेमार्गे शिरूर गाठायचं, असा क्रम. खोली घेतली त्याच आठवड्यात एका दुपारी शेजारच्या खिडकीतून मी पाहिलं. साठी उलटलेला, उंच, सडसडीत माणूस स्टुलावर बसून कशावर तरी हळूच फुंकर घालत होता. फुलबाही पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, आणि खिशातून डोकावणारी शिट्टी.

"कोण?" त्यांनी मान न वळवताच विचारलं.

"शेजारी आलोय. कुरकुंभला असतो, स्टोअरला."

"मंग बाहेर काय उभं ऱ्हायलाय? या आत. जय भीम."

"राम राम," मी म्हणालो. पुढे अकरा वर्षं आम्ही एकमेकांना असंच म्हणत राहिलो. त्यात बदल करावा असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

आत सहा फूट बाय चार फुटांची प्लायवुडची फळी, तिच्यावर मातकट रंगाचं जुनं ब्लँकेट, मधून निळ्या कापडाची नदी. त्या सगळ्यावर करंगळीच्या पेराएवढी शिशाची माणसं. दुपारचं ऊन खिडकीच्या गजांमधून त्यांच्यावर पडलं होतं आणि प्रत्येकाला स्वतःची एवढीशी सावली होती. मी काय विचारायला हवं होतं कोण जाणे. मी विचारलं, "किती आहेत?"

"मोजा की."

मी मोजले. दोनदा. "चारशे बारा."

गार्डसाहेबांनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "ज्याच्याकडून मला हे मिळालं ना, तो पीटरसाहेब चारशेच म्हणायचा. जाईपर्यंत चारशे. तुम्ही बारा जास्तीचे मोजले."

"आहेत तेवढे मोजले."

"बसा," ते म्हणाले. "काकूंना सांगतो चहा ठेवायला."

पीटरसाहेब हे त्यांच्या आधीच्या पिढीतले इंजिन ड्रायव्हर. मूळचे दौंडच्या रेल्वे कॉलनीतले. नातवंडांकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे जाताना त्यांनी एक ॲल्युमिनियमची ट्रंक आणि टाइप केलेलं नियमांचं चोपडं गार्डसाहेबांच्या ताब्यात दिलं. अमेरिकेतल्या यादवीचा खेळ. उत्तरेकडचे निळ्या कपड्यांतले, दक्षिणेकडचे करड्या. दक्षिणेतल्या जमीनदारांना गुलाम राखायचे होते, त्यावरून पेटलेलं ते युद्ध. पट्टीने मोजून शिपाई पुढे न्यायचे, फासा टाकून गोळी लागली की नाही ते ठरवायचं. गार्डसाहेबांनी डिक्शनरी घेऊन ते चोपडं गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये बसून वाचलं होतं. दौंड ते मनमाड, मनमाड ते दौंड. समजायला दीड वर्ष लागलं, असं ते म्हणत. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती, त्यामुळे फळीवरच्या नदीला ते भीमाच म्हणायचे आणि उताराला सोनवडीचा उतार. तिकडचे लोक इकडच्या नदीत उतरून लढायचे. काही दिवसांनी मलाही त्यात वावगं वाटेनासं झालं. शिरूरहून परत येताना पुलावरून खरी भीमा दिसली, की वाळूत कुठे करडे शिपाई दबा धरून बसलेत का ते मी बघायचो.

घर लाइनला इतकं लागून, की मालगाडी गेली की फळी थरथरायची. चारशे बारा माणसं एकदम अंगात आल्यासारखी हलायची. पाहताना डोळे भरून यायचे, का ते सांगता येत नाही. पण मी स्टोअरचा माणूस. एक पूर्ण मालगाडी गेली की पुढची रांग सरासरी दोन मिलिमीटर सरकते, हे मी आठवड्याभरात मोजलं आणि हे खेळाच्या दृष्टीने योग्य नाही असं म्हणालो.

"मंग काय करायचं म्हणता? रेल्वे बंद करू?"

"प्रत्येकाच्या पायाशी खडूची खूण करायची. गाडी गेली की सगळे खुणेवर परत. गाडीनं सरकवलेलं धरायचं नाही."

ते खूश झाले. गाडी जात असताना ते डोळे मिटून वाघिणी, म्हणजे मालडबे, मोजायचे, आणि शेवटचा खडखडाट संपला की म्हणायचे, "अठ्ठावन्न, आन् मागं ब्रेक. राइट टाइम. लावा खुणेवर." मग मी पट्टी घेऊन सगळ्यांना जागेवर लावायचो. हे काम शेवटपर्यंत माझंच राहिलं.

शिपाई उचलायचा तो पायाखालच्या चकतीला धरून, हा त्यांचा दंडक. "कुणाच्या डोक्याला हात लावायचा न्हाई." प्रत्येक डावाच्या सुरुवातीला ते घड्याळ बघून शिट्टीची एक छोटी फुंकर मारायचे. आणि बाजू निवडायची त्यांची एक रीत होती, ती मी आणखी कुठे पाहिली नाही.

रेल्वेची एक जाडजूड कोरी वही होती. डाव मांडायच्या आधी प्रत्येकाने त्यात एक वाक्य लिहायचं: आपली बाजू जिंकली, तर सोमवारी सकाळी काय होईल. लढाई कुठल्याही वाराला असो, प्रश्न सोमवार सकाळचाच. ते वाक्य वाचून गार्डसाहेब बाजू द्यायचे.

मला पहिल्या दिवसापासून करडी बाजू हवी होती. कारण आकड्यांचं होतं. त्यांची माणसं कमी, तोफा कमी, तरी चोपड्यातल्या नोंदींप्रमाणे सुरुवातीच्या लढाया त्यांनीच मारलेल्या. कमी मालात जास्त काम काढणाऱ्याबद्दल स्टोअरच्या माणसाला आदर असतोच. शिवाय त्यांचं घोडदळ फार देखणं होतं. मी वहीत लिहिलं, "सोमवारी सकाळी घोडदळाची परेड होईल."

गार्डसाहेबांनी वाचलं आणि निळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"पण मी करडे मागितले होते."

"व्हय. म्हणूनच. ज्याला ही बाजू आवडती, त्याला ती द्यायची न्हाई."

"मग ती खेळणार कोण?"

"मी हाय की."

त्यांनी स्वतःचं वाक्य लिहिलं. पुढेही प्रत्येक डावाला ते तेच लिहायचे, एक अक्षर न बदलता: "सोमवारी सकाळी गडी बैलांच्या आधी उठेल." मला वाटायचं, शेतकरी घरातला माणूस, काहीतरी शेतीचं लिहितो.

एकदा आमच्या कंपनीतला रामप्रवेश माझ्याबरोबर आला. बिहारचा, रिअ‍ॅक्टरवर कामाला. त्यालाही वही दिली. त्याने बराच विचार करून लिहिलं, "सोमवार को भी फर्स्ट शिफ्ट है." गार्डसाहेब पोट धरून हसले. "इसको दोनों साइड दे दो," ते म्हणाले. "ये एकही आदमी सच बोला." रामप्रवेशने त्या दिवशी दोन्ही बाजू खेळून स्वतःलाच हरवलं आणि जाताना फार समाधानाने काकूंच्या हातची चटणी-भाकरी खाऊन गेला.

काकू म्हणजे गार्डसाहेबांच्या पत्नी कमलाबाई. त्यांचा खेळाला विरोध नव्हता, फक्त एप्रिल आला की ती फळी त्यांना कुरडया वाळवायला गच्चीवर लागायची. "उचला तुमची माणसं. मला चार पायल्यांच्या घालायच्यात." अमेरिकेत काय झालं असेल ते असो, दौंडला दरवर्षी वीस-बावीस दिवसांचा तह व्हायचा. दोन्ही सैन्यं ट्रंकेत एकमेकांच्या अंगावर झोपायची आणि भीमेच्या जागी कुरडया वाळायच्या. तहानंतरच्या पहिल्या डावात ब्लँकेटला पिठाचा वास यायचा.

गार्डसाहेब करड्यांना कधी "माझे" म्हणाले नाहीत. "ह्यांचे" म्हणायचे. जिंकले तरी "हे जिंकले," "मी जिंकलो" नाही. आणि जिंकायचे ते वारंवार. मी टिपण ठेवलं होतं: पहिल्या चाळीस डावांत करडे सव्वीस, निळे चौदा. ते अगदी जीव तोडून खेळायचे. फार हळू, फार विचार करून, जणू स्वप्नात कुणीतरी त्यांना चाल सांगतंय आणि ती त्यांना पसंत नाही, पण खोटीही करता येत नाही.

सुजाता त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात वकिली करते. एका मे महिन्यात ती चार दिवस आली होती. आमचा डाव रंगलेला असताना चहा घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा, निळे तुमचे का?"

"हो."

"मग करडे?"

"माझ्याकडं," गार्डसाहेब म्हणाले.

"आज की कायम?"

"कायम."

तिने फळीवरच्या घोडदळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, आजोबा तळेगावात सालगडी होते, लोकांच्या गोठ्यात बैलांच्या पलीकडे झोपायचे, हे तुम्हीच सांगितलंत ना मला? पाडव्याला साल संपलं की पुढच्या सालासाठी हात जोडून उभे राहायचे, हे पण तुम्हीच. आणि तुम्ही या लोकांचं घोडदळ हलवता?"

"कुणीतरी हलवायला पायजे, सुजा. त्याबिगर डाव कसा व्हईल?"

"मग दादांना द्या. त्यांना आवडेल."

ती हसली नाही. मीही हसलो नाही.

"आवडंल, म्हणून तर देत न्हाई," गार्डसाहेब म्हणाले.

"आणि जिंकता पण?"

"फासा पडला तर जिंकायचं. मुद्दाम हरलो तर ती ह्यांची हार नसती, माझी लबाडी असती. ही माणसं कशी जिंकत गेली ते मला बघायचंय. आतून बघायचंय."

"बघा तुम्ही. हे सोडत नाही तोपर्यंत मी या खोलीत पाय ठेवणार नाही."

तिने चहाचे दोन्ही पेले उंबऱ्यावर ठेवले आणि गेली. शब्दाची पक्की. ती येत राहिली, वडिलांची औषधं आणत राहिली, स्वयंपाकघरात बसून त्यांच्याशी तासन्‌तास बोलत राहिली, पण त्या खोलीत आली नाही. चहा आणला की उंबऱ्यावर. गार्डसाहेब उठून पेला उचलायचे. एकदा म्हणाले, "गंमत बघा स्टोअर. माझ्याच घरात मला चहा उंबऱ्यावर." मग चहा न पिताच पेला खिडकीत ठेवला. त्यांना ते किती लागलं होतं हे मला त्या दिवशी कळलं. डाव मात्र त्यांनी सोडला नाही आणि बाजूही.

माझी चूक त्यानंतर चार वर्षांनी झाली.

ट्रंकेत ओल शिरून जुन्या चिठ्ठ्या गळून गेल्या होत्या. "तुमच्या स्टोअरवानी एक फर्स्टक्लास यादी करून द्या," असं ते म्हणाले. मी दोन रात्री खपून लाल शाईने रकाने आखले. पायदळ, घोडदळ, तोफखाना, सामान. बाजूला चोपडं उघडं ठेवून प्रत्येक वस्तू त्यात दिलेल्या जागी लिहिली. त्या बारा आकृत्या करड्यांच्या डब्यात असायच्या. शिपाई नव्हेत. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या डोक्यावर पोतं, एक बाई पाण्याची बादली घेतलेली. खंदक खणणारे, गाड्या भरणारे गुलाम. चोपड्यात ते गाड्या आणि खेचरांच्या खाली होते, मीही तसंच लिहिलं. सामान: गाड्या ११, खेचरं १४, मजूर १२.

गार्डसाहेबांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. परत वाचली.

"शाबास. अक्षर काय झ्याक हाय तुमचं. आन् टोटल किती माणसं?"

"चारशे."

"पयल्या दिवशी चारशे बारा म्हणला व्हता तुम्ही."

"तेव्हा मला नियम माहीत नव्हते."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी यादीची घडी घातली, शर्टाच्या खिशात शिट्टीजवळ ठेवली. "नियम शिकल्यावर बारा कमी झाले."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. त्या दिवशी डाव झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी मोटरसायकलवरून शिरूरला निघालो. न्हावरे माझं गाव, आमची वडिलोपार्जित जमीन तिथली, आता भाऊ बघतो. उसाच्या कडेने जाताना मला एकाएकी आजोबांचा आवाज ऐकू आला. सुगीत, संध्याकाळी खळ्यावरून घराकडे निघताना ते एका दमात मोजायचे: "चार बैल, दोन गडी, एक गाडी, चला." लहानपणी मला तो ताल फार आवडायचा, मी त्यांच्यामागून तो म्हणत जायचो. मी गाडी बांधाला लावली आणि आठवून पाहिलं. चारही बैलांची नावं आठवली. सोन्या, हरण्या, पाखऱ्या, खिलाऱ्या. गड्यांपैकी एकाचंच आठवलं, ज्ञानू. दुसऱ्याचा चेहरा आठवतो, मुंडाशाचा रंगसुद्धा आठवतो. नाव नाही. भावाला विचारलं, त्यालाही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "त्याला गडीच म्हणायचे सगळे."

परत दौंडला आलो आणि थेट त्यांच्याकडे गेलो. "गार्डसाहेब, यादी चुकली."

"न्हाई. पुस्तकापरमानं बरोबर हाय."

"मी चुकलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्हावऱ्याचं सांगितलं, एका नावाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गार्ड म्हंजी काय माहितीये का स्टोअर? डायवर पुढचं बघतो. गार्ड मागं काय ऱ्हायलं ते बघतो. शेवटच्या डब्यात बसून सत्तावीस वर्षं मी ऱ्हायलेलंच बघत गेलो." त्यांनी ते बारा जण उचलून, चकतीला धरूनच, फळीच्या मधोमध एका ओळीत उभे केले. "ह्यांना पाय हायत. पुस्तकात त्यांना चालायचा नियमच न्हाई. तो आपण करू. आकडेमोड तुमची."

तो पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा आम्ही नियम करण्यात घालवला. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत निवांत दिवस असावेत. बाहेर गाड्या जात असायच्या, खिडकीतून ऊन आत यायचं आणि सरकत सरकत उत्तरेच्या छावणीवरून दक्षिणेच्या छावणीवर जायचं, आणि आम्ही दोघं मोठी माणसं पाण्याच्या बादलीवाली बाई एका पाळीत किती इंच जाईल याची चर्चा करायचो. शेवटी ठरलं ते असं. निळे नदीपलीकडे दिसायला लागले की बारांमधला प्रत्येक जण स्वतःचा फासा टाकणार. चार, पाच किंवा सहा पडले तर नदीच्या दिशेने चार इंच पुढे. तीन किंवा कमी पडले तर जागेवर. करड्या बाजूच्या खेळाडूनेही दर पाळीला एक फासा टाकायचा, सहा पडला तर करड्यांच्या सगळ्यात जवळचा पकडला जाणार. मी साठ वेळा चालवून पाहिलं. आठ पाळ्यांच्या डावात सरासरी सात जण पलीकडे पोचत होते.

"सात म्हंजी पाच ऱ्हायले."

"सरासरी आहे, गार्डसाहेब. कधी नऊ जातील, कधी पाच."

"सरासरी कुणाच्या घरी जेवायला येत न्हाई. त्या पाचांचं बोला."

"चारच्या ऐवजी तीनवर चालू द्यायचे का? म्हणजे जास्त पोचतील."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं, हो म्हणतील. "नको," ते म्हणाले. "इतकं सोपं न्हवतं ते."

दरम्यान माझी नोकरी बदलली. रांजणगावला, घराजवळ. दौंडची खोली सोडली. महिन्यातून एखादा रविवार मी मोटरसायकलवर जायचो. गार्डसाहेबांच्या हाताला कंप सुटला होता. शिपाई उचलताना ते आता दुसऱ्या हाताने मनगट धरायचे. त्यांनी एका शनिवारी फोन केला. "उद्या या. नवीन नियमावर पयला पुरा डाव. सुजालाबी बोलावलंय. तिला सांगितलंय, मी करडी सोडली."

मी पोचलो तेव्हा फळी मांडून झाली होती. वही उघडी होती. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे.

"पयल्यांदा तुम्ही," गार्डसाहेबांनी मला पेन दिलं.

मला कुठली बाजू मिळणार हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मला काही मागायचंही नव्हतं. पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून एकच वाक्य होतं, ते मी लिहिलं: "सोमवारी सकाळी मोजणी होईल आणि बारा भरले पाहिजेत."

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग करड्यांचा डबा दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

"मला नको," मी म्हणालो. ते खरं होतं.

"ठाऊक हाय. आता हरकत न्हाई द्यायला." आणि मग दाराकडे वळून, "सुजा, निळे तुझे. ये."

"आणि तुम्ही, पप्पा?"

त्यांनी त्या बारा जणांच्या बाजूला स्टूल ओढलं. "मी ह्यांच्याकडून."

सुजाताने उंबऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत आली. काकूंनी चहा आणला तो तिच्या हातात दिला, तिने तो वडिलांच्या हातात दिला. मग तिने वहीत काय लिहिलं ते मी वाचलं नाही. गार्डसाहेबांनी थरथरत्या हाताने लिहिलेलं मात्र दिसलं, अक्षरं मोठी होती: "सोमवारी सकाळी आम्ही उशिरा उठू."

शिट्टी वाजली.

"खरं खेळा, स्टोअर," ते म्हणाले. "माझ्याकडं बघून खेळू नका."

मी खरं खेळलो. माझ्या आयुष्यात फासा हातातून सोडताना इतकं जड कधी वाटलं नाही. सुजाता वकिलासारखी खेळत होती, शांतपणे, फटी शोधत. निळे सोनवडीच्या उताराला दिसू लागले आणि बारा जण चालू लागले. पोतंवाला गेला. फावडंवाले दोघे गेले. चौथ्या पाळीला मला सहा पडला. गार्डसाहेबांनी स्वतः एकाला उचलून माझ्या छावणीत आणून ठेवलं. सहाव्याला पुन्हा सहा. "फासा हाय," ते म्हणाले. सातव्या पाळीला एकच फासा टाकायचा राहिला तेव्हा नऊ जण पलीकडे, दोघे माझ्या ताब्यात, आणि बादलीवाली बाई पाण्यात, पलीकडच्या काठापासून दोन मिलिमीटरवर.

तेवढ्यात मालगाडी आली. फळी थरथरली, चारशे बारा जण हलले. गार्डसाहेब डोळे मिटून मोजत होते. मी बघत होतो. त्या बाईची चकती सरकली आणि काठाला लागली.

"अठ्ठावन्न. लावा खुणेवर."

मी पट्टी घेऊन सगळ्यांना लावलं. करडे लावले, निळे लावले. तिच्यापाशी आलो आणि तिला तशीच राहू दिली. सुजाताने पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली.

"स्टोअर, खूण."

"बरोबर आहे, गार्डसाहेब."

"खूण बघा."

"जागेवर आहे."

ते उठले. मनगट धरून खाली वाकले, चकतीला धरून त्यांनी तिला दोन मिलिमीटर मागे, पाण्यात, खडूच्या खुणेवर ठेवलं. "गाडीनं सरकवलेलं धरायचं न्हाई. तुमचाच नियम हाय." मग हसून म्हणाले, "आन् तिला गाडीची गरज न्हाई. जाईल ती."

त्यांनी तिचा फासा टाकला. तीन पडला. चार हवा होता.

"अजून एक पाळी हाय की," ते म्हणाले.

ती पाळी राहिली. मला अंधारापूर्वी न्हावरे ओलांडायचं होतं आणि सुजाताची पुण्याची गाडी होती. "असू द्या मांडलेलं," गार्डसाहेब म्हणाले. "काकूंच्या कुरडयांना अजून वेळ हाय." पुढच्या रविवारी जायचं ठरलं होतं. गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले.

सुजाताने डाव मोडलेला नाही, फळीवर चादर घातली आहे. खालचं काही हलवायचं नाही, म्हणून यादी माझ्याकडून. ती मी आता पुरी करतो. निळे, करडे, तोफा, गाड्या, खेचरं एका पानावर. आणि दुसऱ्या पानावर, रकाने न आखता: बारा जण. नऊ पलीकडे, दोघे पकडलेले, एक पाण्यात. पाळी तिची.

त्या शेवटच्या रविवारी निघताना मी मोटरसायकल सुरू केली आणि खिडकीपाशी येऊन हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. लाइनवर पुन्हा गाडी आली होती, फळी थरथरायला लागली होती. गार्डसाहेब फळीवर वाकले होते आणि पाण्यातल्या त्या बाईच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आपले तळवे धरले होते. वाऱ्यात समईला धरतात तसे, न टेकवता. हात कापत होते, फळी कापत होती, आणि त्या दोन्हींच्या मधे ती बादली घेऊन उभी होती. त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. वाघिणी मोजत होते.